क्रूझर की टूरर? आधी किलोंचा हिशोब, मग रुपयांचा

कोथरूडच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, उंची सहा फूट दोन इंच, वजन ११८ किलो. अकरा वर्षं एकच १५० सीसीची गाडी हिंजवडीला चालवली, आता कंबर बोलायला लागली आहे. कर कापून तीन लाखांचा बोनस हातात आलाय. मन बसलंय रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिऑर ६५० वर: ऑन-रोड ४ लाख ८५ हजार, कमी पडणाऱ्या १ लाख ८५ हजारांचं कर्ज शोरूममध्येच मिळतंय. दुसरा पर्याय नवी हिमालयन ४५०, ३ लाख ७५ हजार, त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडायची. तिसरा मिटिऑर ३५०, अडीच लाख. वर्षातून तीन-चार वेळा बायकोला मागे बसवून गुहागरच्या घरी जायचं, एरवी ऑफिस. मुलगी आठवीत, गृहकर्ज २८ लाख बाकी. आणि पत्राच्या अगदी तळाशी, जाता जाता लिहिल्यासारखं: ऑफिसातला मित्र त्याची दोन वर्षं वापरलेली हिमालयन ४५० दोन लाख पस्तीस हजारांना विकतोय.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य हे शेवटचं आहे. पण तिथे नंतर येऊ.

पैशांआधी वजन. तुम्ही ११८, वहिनी ६४ (तुम्हीच लिहिलंय, मी विचारलं नव्हतं), दोघांची हेल्मेटं, जॅकेटं, बूट मिळून दहा किलो, सामान पंधरा. झाले २०७. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तिकेत भरल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की गाडी किती ओझं वाहू शकते ते कळतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत हा आकडा दोनशेच्या आतच असतो. सेल्समन तो सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही. तुम्ही तिन्ही गाड्यांचा विचारून कागदावर घ्या. गाडी मोठी दिसते म्हणून जास्त ओझं पेलते असं नसतं. सुपर मिटिऑर स्वतःच २४१ किलोची आहे, हिमालयन १९६ ची, मिटिऑर ३५० ची १९१. ते जास्तीचे पन्नास किलो तुमच्या कामाचे नाहीत, ते गाडीचे आहेत. आणि कुठलीही घेतलीत तरी सामान थोडं कमी करावं लागेल असं दिसतंय. गुहागरला घर आहे ना, दोन जोड कपडे तिथेच ठेवा.

आता कंबर. दोन्ही मिटिऑर क्रूझर आहेत, म्हणजे बुटक्या, ऐसपैस बसायच्या गाड्या. क्रूझरवर पाय पुढे असतात, तुमच्या उंचीच्या माणसाला ते शोरूममध्ये फार सुखाचं वाटतं, गुडघे मोकळे होतात. दहा मिनिटांच्या टेस्ट राइडमध्ये तर राजेशाही थाट. पण पाय पुढे गेले की अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो, आणि खड्डा दिसला तरी पायांवर जोर देऊन उठता येत नाही. खड्डा थेट मणक्यात. हिमालयनसारख्या टूररवर, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या गाडीवर, पाय खाली असतात, भार पायांत, बैठकीत आणि थोडा हातांत वाटला जातो, खराब रस्त्यावर जरा उभं राहता येतं. सुपर मिटिऑरचं मागचं सस्पेन्शन १०१ मिलिमीटर खाली-वर होतं, हिमालयनचं २००. तुमच्यासाठी किमतीइतकाच महत्त्वाचा आकडा हाच आहे.

का, ते टेपने मोजून बघा. गाडी स्टँडवर घेऊन मागचं चाक अधांतरी ठेवा. चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या ठरावीक नटापर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर घ्या, तुम्ही हेल्मेट-जॅकेटसकट बसा, वहिनींना मागे बसवा, आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे गाडी नुसती बसल्यावर किती दबली. एकूण हालचालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास दबली तर ठीक. १०१ मधले पन्नास-साठ बसल्या बसल्याच गेले, तर गुहागरच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटातल्या खड्ड्यांसाठी उरलं काय? शोरूमवाला म्हणेल, 'साहेब, प्रीलोड वाढवून देतो.' प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणं. त्याने गाडीची मागची बाजू वर येते, स्प्रिंग कडक होत नाही. तुमच्या वजनाला कडक स्प्रिंगच बसवावी लागते, आणि तो खर्च तिन्ही गाड्यांत धरायचा आहे.

क्रूझरवाल्यांचा राग नको. सपाट रस्ता, एकटा माणूस, तासा-दीड तासाची फेरी, यासाठी ती छानच गाडी आहे. तुमचा रस्ता मात्र उंब्रजपर्यंत हायवे आणि तिथून पुढे पाटण, कोयना, घाट, चिपळूण असा आहे. हायवेवरही दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे, आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर दुचाकीला सोडतच नाहीत. ६५० सीसीची जी खरी मजा, ती वापरायला तुमच्या वाटेवर जागाच थोडी. उलट मिटिऑर ३५० चे वीस बीएचपी दोघांना आणि सामानाला घेऊन घाट चढतील, पण हाशहुश करत. ट्रकच्या मागे अडकलात की ओव्हरटेकला ताकद लागते, तिथे हिमालयनचा ४० बीएचपीचा आकडा उपयोगी पडतो.

मग ३५० चा विचार करायचाच कशाला? करासाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या दुचाकीवर २८ अधिक ३ टक्के सेस होता तो सरळ ४० टक्के. करापूर्वी अडीच लाखांची गाडी धरली तर ४५ हजार कर आणि एक लाख कर एवढा फरक. त्यावर वाहनकर गाडीच्या किमतीच्या टक्क्यांत, म्हणजे तोही फुगतो. थर्ड पार्टी विम्याची रेघही ३५० वरच आहे: १ जून २०२२ पासूनच्या दरांत नव्या गाडीचा पाच वर्षांचा हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, त्यावर १५,११७. इंजिनात दोन-चार सीसी इकडचे तिकडे झाले तरी खिशाला हजारोंचा फरक पडतो. मिटिऑरचं इंजिन ३४९ चं, म्हणून ती रेघेच्या अलीकडे.

म्हणजे सरकारचा कौल ३५० ला आणि तुमच्या शरीराचा कौल ४५० ला. हा पेच नव्या गाडीच्या बाबतीत सुटत नाही. वापरलेल्या गाडीत सुटतो, कारण तिचा कर कोणीतरी आधीच भरलेला असतो, आणि एका माणसाने दुसऱ्याला स्वतःची जुनी गाडी विकली तर त्यावर जीएसटी नाही.

मित्राने गाडी घेतली तेव्हा कर ३१ टक्के होता. आता तो नव्या गाडीच्या पावणेचार लाखांकडे बोट दाखवून जुनीचा भाव सांगतोय. त्याला त्याचं स्वतःचं बिल काढायला सांगा आणि बोलणी तिथून सुरू करा. मला दोन लाख वीसच्या आसपास सौदा पटेल. मित्र आहे म्हणून संकोच करू नका, आणि मित्र आहे म्हणून सर्व्हिस हिस्ट्री न बघताही घेऊ नका. ती गाडी सुरुवातीच्या लॉटमधली असेल तर तारेच्या चाकांत ट्यूब असणार. घाटात पंक्चर झालं तर चाक काढावं लागतं, आणि तुमच्या वजनाला मागच्या टायरचा कस लागतोच. टायर बदलायला आला असेल तर किमतीतून तेवढे कापा. चेन-स्प्रॉकेटही बघा.

आता शोरूमचं कर्ज. 'फक्त ९ टक्के' असं तुम्ही लिहिलंय, पण कोटेशनवर बारीक अक्षरात फ्लॅट आहे. १ लाख ८५ हजारांवर तीन वर्षं फ्लॅट ९ टक्के म्हणजे ४९,९५० रुपये व्याज, हप्ता सुमारे ६,५२६. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज पूर्ण रकमेवरच लावलेलं आहे, म्हणून घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर १६ टक्क्यांच्या वर जातो. तुमचं गृहकर्ज साडेआठने चाललंय. साडेआठचं कर्ज डोक्यावर असताना हौसेसाठी सोळाचं घेणं मला पटत नाही. सुपर मिटिऑर घ्यायचीच असेल तर बँकेत जाऊन घटत्या शिलकीचा दर विचारा. १२ टक्क्यांनी हप्ता ६,१४५ च्या आसपास बसतो, व्याजात तेरा-चौदा हजार वाचतात.

एफडीला हात लावायचा नाही, यावर चर्चा नको. तुमचा घरखर्च ५५ हजार आणि गृहकर्जाचा हप्ता ३१ हजार, म्हणजे महिन्याला ८६ हजार. अडीअडचणीला सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा, तो पाच लाखांच्या वर होतो आणि हाताशी आहेत दीड. आयटीत आहात, वेगळं सांगायला नको. कडक सल्लागार म्हणेल, बोनसचे तीनही लाख आपत्कालीन निधीत टाका आणि गाडी विसरा. मी तसं म्हणणार नाही. अकरा वर्षं एका गाडीवर काढलेल्या माणसाला पुढेही 'नंतर बघू' सांगितलं तर तो एक दिवस चिडून सोळा टक्क्यांनी ६५० घेऊन येतो. तुमच्या पगारातून एसआयपी जाऊन सतरा हजार उरतात, त्यातले बारा दर महिन्याला या निधीत वळवा. दोन वर्षांनी मुलगी दहावीत जाईल तेव्हा निधी साडेचार लाखांच्या जवळ असेल.

बोनसमधले तीस हजार मात्र गाडीच्या आधी टर्म प्लॅनसाठी, म्हणजे आपण गेल्यावर घरच्यांना पैसे देणाऱ्या साध्या आयुर्विम्यासाठी, बाजूला ठेवा. तुमच्याकडे कंपनीचाच ग्रुप विमा आहे, स्वतःचा टर्म प्लॅन नाही, आणि घरावर २८ लाख आहेत. नोकरी गेली की ग्रुप विमा गेला. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३३ च्या वर जातो, त्यामुळे विमा कंपनी जास्तीचा हप्ता लावण्याची शक्यता आहे. लावू दे. फॉर्मवर वजन ११८ च लिहा, ९५ लिहू नका. एजंट 'चालतंय हो' म्हणेल, पण क्लेमच्या वेळी तो एजंट नसतो, वहिनी असतात.

उरले दोन लाख सत्तर. गाडी दोन वीस, मागची स्प्रिंग आणि सीट मिळून पंचवीस, आयएसआय हेल्मेटं आणि तुमच्या मापाचं जॅकेट पंचवीस. सीटचा फोम तुमच्या वजनाला लवकर बसणार. नवी कंपनी सीट घेण्याआधी नाना पेठेत एखाद्या जुन्या सीट कारागिराकडे फोम बदलून बघा, काही हजारांत भागतं. बसून, दाबून, पुन्हा कापून घेतात ती माणसं.

आणि जुनी १५० विकू नका. वीस हजारांना जाईल आणि रोजच्या ऑफिसला तुम्ही मोठी गाडी काढायला लागाल. वर्षाला ७,८०० किलोमीटर धरले, पेट्रोल १०४ रुपये धरलं, तर लिटरला ४५ देणाऱ्या गाडीला अठरा हजार लागतात आणि २४ देणाऱ्या ६५० ला जवळजवळ चौतीस. शिवाय चांदणी चौकातून पुढे क्लच दाबत जाताना २४१ किलो काय आणि १९६ किलो काय, दोन्ही जडच. गुडघे लागू नयेत म्हणून जुनीलाही हँडलबार बदलून जरा उंच बसवता येईल.

सौद्याआधी एक शनिवार-रविवार हिमालयन भाड्याने घ्या आणि दोघं घाटात जाऊन या. पुण्यात भाड्याच्या गाड्या मिळतात, फक्त काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. खासगी पाटीची गाडी भाड्याने घेऊन काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. वहिनी मागून उतरल्यावर काय म्हणतात ते ऐका, मागची सीट हाही निम्मा प्रश्न आहे. ८२५ मिलिमीटर उंचीच्या सीटवर चढणं तुम्हाला सोपं आहे, त्यांना कदाचित नाही.

पटली तर कागद असे: मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. मित्राचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरायची तयारी ठेवा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्या नावाने चालू आहे ना ते बघा, आणि मागे बसणाऱ्यासाठीचं कव्हर वेगळं मागून घ्या. ते आपोआप येत नाही.