वाचक विचारतात : सोहराचा पाऊस, धबधबे आणि गुहा

मेघालयाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांनी ‘काय काय पाहू?’ असं विचारलं आहे. आमचं मत असं, की या डोंगरांत आधी महिना ठरवावा, मग दिवसातली वेळ, आणि ठिकाणांची यादी सगळ्यात शेवटी. उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

प्र. दिवाळीच्या सुट्टीत चेरापुंजीला जायचं ठरतंय. नातेवाईक म्हणतात, धबधबे पाहायचे तर जुलैतच जा, नंतर काही उरत नाही. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

दिवाळीच बरी. ती ऑक्टोबरात येत असेल तर आणखी बरी. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कड्यांवरून पाणी पडत असतं आणि ते दिसावं इतकं आभाळही उघडलेलं असतं. जुलैत पाणी अफाट असतं, पण ते ढगाच्या पोटात पडतं. धबधब्याचा आवाज अंगावर येतो आणि समोर पांढऱ्याशिवाय काही नसतं.

चेरापुंजीला तिथली माणसं सोहरा म्हणतात. सुमोच्या अड्ड्यावरही हेच नाव कानावर पडेल. सोहराची वार्षिक सरासरी ११,७७७ मिलिमीटर आणि शेजारच्या मॉसिनरामची ११,८७१. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या साधारण दुप्पट. १६ जून १९९५ला सोहरात एका दिवसात १,५६३ मिलिमीटर पाऊस पडला होता. याचं कारण डोंगराच्या ठेवणीत आहे. बंगालच्या उपसागरावरचं बाष्प बांगलादेशाच्या सपाट मैदानावरून बिनअडथळा येतं आणि खासी टेकड्यांच्या दक्षिण कड्याला थडकतं. तिथे जमीन थोड्याच अंतरात हजारभर मीटर उभी चढते. सगळा भार त्या कड्यावरच रिता होतो. मागे ५४ किलोमीटरवरच्या शिलाँगला त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच पाऊस मिळतो. म्हणून शिलाँगमध्ये ऊन पाहून सोहराचा बेत आखू नका, आणि शिलाँगला रिमझिम लागली म्हणून रद्दही करू नका.

डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र धबधब्यांसाठी जाऊ नका. मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी थांबतच नाही. एवढ्या पावसाच्या गावात हिवाळ्यात प्यायच्या पाण्याची टंचाई होते. तेव्हा हॉटेलात गरम पाण्याची एक बादली मिळाली तर ती जपून वापरा. दक्षिण कड्यावरचा सात धारांचा नोहस्नगिथियांग त्या दिवसांत जवळजवळ सुकतो.

प्र. नोहकालिकाई धबधब्याला दोनदा गेलो, दोन्ही वेळा धुक्याची भिंत पाहून परतलो. काही युक्ती आहे का?
– एक वाचक, सातारा

आहे. मुक्काम शिलाँगला न करता सोहरात करा. शिलाँगहून सकाळी निघालेल्या गाड्या इथे अकरा-साडेअकराला पोहोचतात. तोवर दरीतली ओली हवा तापून वर सरकायला लागलेली असते आणि दुपारी ती कड्यावरच येऊन बसते. पावसाळ्यात इथला सगळ्यात जोरदार पाऊस उत्तररात्री आणि पहाटे पडतो. तो ओसरल्यावर, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान, बऱ्याचदा उघडीप मिळते. सोहरा बाजारापासून नोहकालिकाई पाच-सहा किलोमीटरवर आहे, त्यामुळे पडदा बाजूला करून आभाळ बघावं आणि निघावं, इतकं ते सोपं होतं.

दुसरं, पोहोचल्यावर धुकं असेल तर लगेच मागे फिरू नका. पाऊण तास थांबा. धुकं इथे पळत असतं. आधी पलीकडच्या कड्याची कड काळी दिसते, मग पाण्याचा वरचा दोरा, आणि वारा चांगला असेल तर पाच-दहा मिनिटं पायथ्याच्या हिरव्या डोहापर्यंत सगळं उघडतं. उंची ३४० मीटर, आणि मध्ये कुठेही टप्पा न घेता कोसळणारी एकच धार. कॅमेरा आधीच बाहेर काढून ठेवा. गाडीतल्या एसीच्या गारव्यातून काढलेल्या भिंगावर लगेच वाफ धरते आणि ती पुसण्यात उघडीप संपते. तोवर तिथल्या टपऱ्यांवर दालचिनी आणि तमालपत्राच्या जुड्या बघा. घरी न्यायला ही चांगली वस्तू आहे.

प्र. नोंग्रियाटचा दुमजली मुळांचा पूल एका दिवसात करून येता येईल का? आम्ही सह्याद्रीत नियमित फिरतो. सोबत एक जण साठीचे आहेत, गुडघे थोडे कुरकुरतात.
– एक वाचक, पुणे

तुमचं एका दिवसात होईल. साठीच्या गृहस्थांना मात्र आम्ही नाही म्हणू. हा ट्रेक आपल्या गडांपेक्षा उलटा आहे: आधी उतार, शेवटी चढ. टिर्ना गावापासून साधारण साडेतीन हजार पायऱ्या आहेत. सकाळी ताज्या पायांनी उतरताना काहीच वाटत नाही आणि माणूस गाफील राहतो. दुपारी त्याच पायऱ्या, दमट हवेत, घामाने निथळत चढायच्या असतात.

हिशेब असा धरा. टिर्नाहून पुलापर्यंत दीड ते दोन तास, परतीला अडीच ते तीन. वाटेत लोखंडी तारांचे दोन झुलते पूल लागतात. त्यावर एका वेळी थोडीच माणसं जावीत, समोरून कुणी येत असेल तर थांबावं, आणि नजर पायाखालच्या तारांवर न ठेवता समोरच्या टोकावर ठेवावी. पुलाच्या पुढे रेनबो फॉल्सला जायला आणखी तास-सव्वा तास, तोही खडकाळ आणि निसरडा. तिथपर्यंत जायचं तर सकाळी सहाला टिर्ना सोडायला हवं. आमची शिफारस, नोंग्रियाटमध्येच एक रात्र राहा. गावात साध्या खोल्या मिळतात. संध्याकाळी दिवसभराची गर्दी वर निघून गेली की पुलाखालच्या डोहाशी शांतता असते, आणि चढ सकाळच्या गारव्यात होतो.

बिघडतं ते बहुधा पायऱ्यांवर. सिमेंटच्या अरुंद पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि टाच आधी टेकली की पाय पुढे सटकतो. पूर्ण पाऊल टेकवा, उतार तीव्र असेल तिथे अंग थोडं तिरकं करून उतरा. टिर्नाला बांबूची काठी मिळते, ती घ्याच. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, म्हणून त्या दिवशी गुहा किंवा पायऱ्यांचं दुसरं काही ठेवू नका. पावसाळ्यात जळवा असतात. पँट मोज्यात खोचा. चिकटलेली जळू ओढू नका, नखाने तिचं तोंड बाजूने सरकवा. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, त्याने घाबरून जाऊ नका. गावातला वाटाड्या बरोबर घ्या. खाली मोबाइलची रेंज भरवशाची नाही.

हे पूल रबराच्या झाडाच्या (आपल्या वडाच्याच कुळातलं झाड) पारंब्यांचे आहेत. खासी माणसं कोवळ्या पारंब्या पोखरलेल्या पोफळीच्या खोडातून ओढ्यापलीकडे नेतात आणि तिथे जमिनीत रुजू देतात. माणसाचं वजन पेलायला पंधरा-वीस वर्षं सहज लागतात. लाकडी पूल या पावसात कुजतो, हा मात्र वर्षागणिक जाड होतो. पारंब्यांना लटकून फोटो काढू नका. कोवळं मूळ तुटलं तर पुढच्या पिढीचा कठडा गेला.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी मॉलिन्नाँगजवळ रिवाईचा एकमजली पूल आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या पायऱ्या, बस्स.

प्र. बरोबर सात आणि अकरा वर्षांची मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत. गुहा झेपतील का? आणि आपल्या अजिंठा-कार्ल्यापेक्षा त्या वेगळ्या कशा?
– एक वाचक, नाशिक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. अजिंठा आणि कार्ला माणसांनी छिन्नीने कोरलेली लेणी. आपला बसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे सह्याद्रीत लांबलचक नैसर्गिक गुहा जवळजवळ नाहीत. मेघालयाच्या दक्षिण कडेला चुनखडक आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, भेगांतून उतरतं आणि चुना विरघळवत नेतं. असे भुयारांचे कित्येक किलोमीटर तयार झालेत. खासीत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. मॉसिनरामजवळची क्रेम पुरी साडेचोवीस किलोमीटर लांब भरली, आणि गंमत म्हणजे तिचा खडक वाळूचा आहे.

मुलांना मॉस्माई खूप आवडेल. दीडशे मीटर भागात दिवे आहेत आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे निघता येतं. सुरुवातीला मोठं दालन, मग वाट आवळत जाते. एका ठिकाणी मोठ्यांना वाकून, अंग आडवं करून, एक हात ओल्या खडकावर टेकत सरकावं लागतं. पाठीवरची सॅक तिथेच अडकते, ती गाडीत ठेवा. पायाखाली डबकी आणि डोक्यावर टपटप चालू असते. सासूबाईंना पहिलं दालन दाखवून त्याच तोंडाने बाहेर आणा. मागून गर्दी लोटली की अरुंद जागेत परत फिरता येत नाही, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनाही हेच लागू. आरवा गुहा तुलनेने शांत असते आणि तिच्या भिंतींत जुन्या सागरी जीवांचे जीवाश्म दिसतात. एके काळी इथे समुद्र होता, हे मुलांना बोटाने दाखवता येतं. फक्त दाखवा, हात लावू नका. छतातून लोंबणाऱ्या चुन्याच्या खांबांनाही नाही. बोटाचं तेल लागलं की त्या जागी चुना साचणं थांबतं.

तिसरी मॉमलू. पृथ्वीच्या इतिहासातल्या शेवटच्या ४,२०० वर्षांच्या कालखंडाला २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव मिळालं, ते याच गुहेतल्या चुन्याच्या खांबात नोंदलेल्या मोठ्या दुष्काळाच्या खुणेवरून. पण ती मुलांना घेऊन चालत जायची गुहा नाही. पाण्यातून, चिखलातून, रांगत जावं लागतं. हेल्मेट, माणशी तीन दिवे आणि जाणता वाटाड्या हवा, आणि तेही कोरड्या दिवसांतच, नोव्हेंबरअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. बाहेर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी दूर कुठे पडलेला पाऊस खडकातल्या विवरांतून आत येतो आणि पाणी बघता बघता चढतं. आत शिरल्यावर वर बघा. छताजवळच्या कपारीत काटक्या, पाचोळा, प्लॅस्टिक अडकलेलं दिसलं तर पाणी तिथवर येतं, एवढं समजावं.

प्र. डावकीचं काचेसारखं पाणी जूनमध्ये दिसेल का?
– एक वाचक, ठाणे

नाही. पावसात तिथली उमंगोट नदी गढूळ आणि दांडगी असते, नावाही बंद असतात. होडी हवेत तरंगल्यासारखी दिसते, ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि तेही सकाळी ऊन पाण्यात उतरल्यावर.

प्र. टूरवाले सात दिवसांत काझीरंगा, तवांग आणि मेघालय देतायत. घ्यावं का?
– एक वाचक, कोल्हापूर

घेऊ नका. अर्धे दिवस गाडीत जातील आणि धुक्याने एक सकाळ खाल्ली की दुसरी संधी नाही. सात दिवस मेघालयालाच द्या: शिलाँग दोन रात्री, सोहरा तीन, पिनुर्स्लाच्या बाजूने डावकी-श्नोंगपडेंगला एक. सोहराची तिसरी रात्र म्हणजे पावसाचा राखीव दिवस, ती कापू नका.

गुवाहाटी ते शिलाँग साधारण शंभर किलोमीटर, तीन तास. विमानतळाहून निघालात तर आणखी तासभर धरा, कारण तो शहराच्या पलीकडे आहे. आपल्याला परवाना लागत नाही. शेअर सुमो स्वस्त पडते, पण सोहराहून परतीच्या सुमो दुपारनंतर विरळ होतात. रविवारी चर्चचा दिवस, बरीच दुकानं आणि खानावळी बंद. तो दिवस प्रवासाला लावू नका आणि रोख पैसे शनिवारीच काढा. पार्किंग आणि प्रवेशाचे पैसे बहुतेक ठिकाणी गावच घेतं, सुट्या नोटा लागतात. आणि सूर्य आपल्यापेक्षा बराच लवकर चालतो: जूनमध्ये साडेचारला उजाडतं, डिसेंबरात संध्याकाळी साडेचारला अंधारायला लागतं. सकाळी नऊला नाश्ता करून निघायची मुंबईची सवय इथे निम्मा दिवस घालवते.

प्र. छत्री न्यावी की रेनकोट? आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात का?
– एक वाचक, मिरज

छत्री कड्यावरच्या वाऱ्यात उलटी होते. सॅकवरून येणारा सैल पोंचो घ्या. शेतातल्या बायका ‘क्नुप’ घालतात: बांबूच्या विणीत पानं भरलेलं, डोक्यापासून पाठीवर उतरणारं कवच. कोकणातल्या इरल्याचा सख्खा भाऊच. वाकून काम करताना पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे राहतात. जीन्स नेऊ नका, एकदा भिजली की सोहरात चार दिवस वाळत नाही. रात्री बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि मध्ये एकदा बदला.

शाकाहाराची शिलाँगच्या पोलीस बाजारात अडचण नाही. बाहेर छोट्या खानावळींत भात, डाळ, बटाट्याची भाजी मिळते. दोन शब्द लक्षात ठेवा: ‘जा’ म्हणजे भात आणि ‘दोह’ म्हणजे मांस. ‘जादोह’ हा मांसाचा भात. सोयाबीन आंबवून केलेलं तुंगरिंबाई ऐकायला शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. तांदळाचं पीठ आणि गूळ तळून केलेलं ‘पुखलेन’ अनारशाच्या जवळ जातं. चहाबरोबर ते जरूर खा.

जेवणानंतर कुणी ‘क्वाय’ पुढे केलं तर तो पाहुणचार आहे. पानाची सवय असलेल्यांनीही जपून. सुपारी ओली, आंबवलेली असते. दोन मिनिटांत कान तापतात आणि घाम फुटतो. पाव तुकडा पुरे.

प्र. मॉफलांगच्या जंगलात पानही उचलू देत नाहीत, हे खरं का?
– एक वाचक, सिंधुदुर्ग

खरं आहे, आणि देवराईच्या मुलखातल्या माणसाला ते समजावून सांगायला नको. शिलाँगपासून पंचवीस किलोमीटरवरचं हे राखीव देवाचं रान आहे. काडी, पान, फळ, दगड, काहीही बाहेर न्यायचं नाही. गावातला वाटाड्या घेऊन आत जा, तो उभ्या शिळांचा अर्थ सांगतो. मुलांचे खिसे आणि तुमच्या बुटांचे तळवे बाहेर पडायच्या आधी झाडाखालीच झटकून घ्या.