‘94 टक्के समाधानी’ म्हणजे नेमके कोण?

10 ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की कंपन्यांच्या एचआर विभागांना जाग येते आणि माझ्याकडे पत्रांचा ढीग लागतो. सेवा विकणाऱ्या संस्थांचे प्रस्ताव टेबलावर पडलेले असतात, बजेट मार्चच्या आत संपवायचं असतं आणि प्रश्न दरवर्षी तोच : कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आम्ही जे चालवलंय त्याचा उपयोग होतोय की नाही, हे ठरवायचं कसं? काही उत्तरं ओळीभरात संपतात, ती तशीच दिली आहेत. एक संपत नाही, तिथे थोडा धीर धरा.

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेत वर्षातून एकदा हास्ययोग आणि ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवतो. पुरेसं आहे का? (शाखाधिकारी, सातारा)

नाही. कार्यक्रम जरूर ठेवा, लोकांची दुपार बरी जाते. फक्त वार्षिक अहवालात त्याला ‘मानसिक आरोग्य उपक्रम’ म्हणू नका.

प्रश्न : दोन वर्षांपासून आमच्याकडे बाहेरच्या संस्थेची समुपदेशन सेवा आणि अ‍ॅप आहे. त्यांच्या अहवालाप्रमाणे 94 टक्के वापरकर्ते समाधानी आहेत, समुपदेशनानंतर ताणाचे गुण निम्म्यावर आले आणि गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे चार रुपये परत मिळाले. करार वाढवावा का? (एचआर प्रमुख, आयटी कंपनी, हिंजवडी)

94 टक्के कुणाचे, हे आधी विचारा. कंपनीतल्या किती जणांनी फोन केला? त्यातले किती जण दुसऱ्या भेटीला आले? शेवटचा फॉर्म किती जणांनी भरला? अशा सेवा वर्षभरात शंभरातले मोजकेच लोक वापरतात. ज्यांना समुपदेशक पटला नाही ते पुन्हा फिरकत नाहीत, आणि समाधानाचा फॉर्म जातो शेवटपर्यंत टिकलेल्यांना. ते समाधानी असणारच. मध्येच सोडून गेलेल्यांचा रकाना तुमच्या अहवालात असेल तर मला अवश्य पाठवा, बघायची फार इच्छा आहे.

आता ताणाचे गुण. माणूस समुपदेशकाला फोन करतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. अप्रेझल बिघडलेलं असतं, आई आयसीयूत असते, क्लायंट रोज रात्री अकराला कॉल लावत असतो. सहा आठवड्यांनी यातलं काही ना काही आपसूक निवळतं. टोकाला असताना घेतलेलं मोजमाप पुढच्या खेपेला बहुतेक वेळा सरासरीकडे सरकतं, उपाय करा की करू नका. त्यातला समुपदेशनाचा वाटा किती, हे कळायला तसाच त्रास असलेला पण सेवा न मिळालेला गट शेजारी लागतो. तो नसेल तर ‘निम्म्यावर आले’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. पहिली मोजणी मार्चएंडला आणि दुसरी दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर केली असेल तर विचारायलाच नको.

तिसरी गोची मला सर्वांत जास्त छळते. फुकटच्या झुम्बा वर्गाला कोण येतं? जे आधीच पहाटे पर्वती चढून आलेले असतात ते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य उपक्रम सुरू केला, तेव्हा संशोधकांनी सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली : काहींना उपक्रमात यायची संधी, काहींना नाही. 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपक्रमात आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी केली, जशी विक्रेते करतात तशी, तर परिणाम झकास दिसत होता. पण संधी मिळालेला गट आणि न मिळालेला गट यांची तुलना केल्यावर वैद्यकीय खर्च, रजा, कामाची उत्पादकता यांत दखल घेण्याजोगा फरक उरला नाही. सहभागी झालेल्यांचा वैद्यकीय खर्च उपक्रमाच्या आधीपासूनच कमी होता! हा उपक्रम सर्वसाधारण आरोग्याचा होता, निव्वळ मानसिक आरोग्याचा नव्हे, हे मान्य. पण सापळा तोच. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांच्या माहितीचा अभ्यास आला. माइंडफुलनेस, मनाच्या लवचिकतेचं (रेझिलियन्स) प्रशिक्षण, झोपेची अ‍ॅप वापरणारे आणि न वापरणारे यांच्या मनःस्वास्थ्यात फरक आढळला नाही. तो एका वेळचा पाहणी-अभ्यास आहे, त्यावरून ‘अ‍ॅप निरुपयोगी’ असा शेवटचा शब्द मी देणार नाही. पण ‘उपयोग होतो’ हे सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, तुमची नाही.

आणि ते चार रुपये. ही ‘एकाला चार’ची गोष्ट मी इतक्या स्लाइडवर पाहिली आहे की तिची वंशावळ सांगावीच लागेल. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात 36 देशांमध्ये नैराश्य आणि चिंताविकारांचे उपचार 2030 पर्यंत वाढवत नेले तर काय होईल, याचं गणिती प्रारूप मांडलं होतं. एका डॉलरला चार डॉलर हा आकडा तिथला. तो औषधोपचार आणि मानसोपचार यांबद्दल आहे, अख्ख्या देशांबद्दल आहे आणि अंदाज आहे. तुमच्या अ‍ॅपबद्दल त्यात एक अक्षर नाही. सेवा देणाऱ्या संस्थेने स्वतंत्र हिशेब केला असेल तर तो मागवा : वाचलेले रजेचे दिवस कुठल्या हजेरीपटावरून मोजले? पगाराचा दर कोणता धरला?

मग करायचं काय? उपक्रम सुरू होण्याआधी सगळ्यांची निनावी पाहणी करायची. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची ‘डब्ल्यूएचओ-5’ ही प्रश्नावली त्यासाठी चांगली आहे. गुण शून्य ते 100, आणि मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते. मराठी भाषांतर प्रमाणित आहे का, ते मानसशास्त्रज्ञाकडून तपासून घ्या. मग हिंजवडी, खराडी, मगरपट्टा अशी तीन कार्यालयं असतील तर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि सहा-सहा महिन्यांच्या अंतराने सेवा सुरू करा. कुणीही वंचित राहत नाही, आणि ज्यांची पाळी यायची आहे ते तुलनेला मिळतात. प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांनाच विचारा, सेवा वापरणाऱ्यांनाच नव्हे. सोबत साध्या गोष्टी मोजा : फोन केल्यापासून पहिली भेट मिळेपर्यंत किती दिवस गेले, किती जणांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं आणि त्यातले किती खरोखर पोहोचले, कोणत्या शिफ्टमधून एकही फोन आला नाही, आणि हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कॅन्टीनमधल्या कंत्राटी माणसांना ही सेवा आहे तरी का. पहिल्या वर्षात मानसिक आजारासाठीच्या रजा आणि विम्याचे दावे वाढले तर घाबरू नका. इतके दिवस ‘पोटदुखी’ लिहिणारी माणसं खरं कारण लिहायला लागली, असाही त्याचा अर्थ असतो.

दोन वर्षांनी मूल्यमापन आठवलंय, तेव्हा सुरुवातीची मोजणी गेली ती गेलीच. आता करार वर्षभरासाठी न करता सहा महिन्यांसाठी वाढवा. एकदम तोडू नका, कुणाचे तरी उपचार मध्यावर असतील. नव्या करारात सोडून गेलेल्यांची संख्या देणं बंधनकारक करा. आणि आकडे तपासायला विक्रेत्याकडून पैसे न घेणारा माणूस बसवा. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात विचारलंत तरी मार्ग निघेल.

प्रश्न : सगळ्या कर्मचाऱ्यांना नावासकट ‘पीएचक्यू-9’ गूगल फॉर्मवर पाठवायचा विचार आहे. चालेल ना? (एचआर अधिकारी, छत्रपती संभाजीनगर)

पाठवू नका. ‘पीएचक्यू-9’ ही नैराश्याची चाचपणी करणारी प्रश्नावली. तिच्या नऊ प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न मरून जावंसं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा आहे. शुक्रवारी संध्याकाळी कुणी तिथे ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं आणि तुम्ही फॉर्म सोमवारी उघडलात तर? नावासकट विचारायचं असेल तर त्याच दिवशी त्या माणसाशी बोलणारी प्रशिक्षित व्यक्ती हवी. ती व्यवस्था नसेल तर हा प्रश्न वगळलेली ‘पीएचक्यू-8’ निनावी वापरा आणि शेवटी मदतीचा क्रमांक द्या. शिवाय ‘पीएचक्यू-9’मध्ये 27 पैकी 10 किंवा जास्त गुण म्हणजे नैराश्याचं निदान नव्हे, ‘तज्ज्ञाने पाहावं’ एवढाच इशारा. ती यादी एचआरच्या लॅपटॉपवर तर अजिबातच नको. काहीही करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाला सोबत घ्या.

प्रश्न : आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर डोक्यात तो विचार शिरतो, असं ऐकलंय. (टीम लीडर, ठाणे)

चुकीचं ऐकलंय. शांतपणे विचारा, उत्तर ऐका, एकटं सोडू नका आणि तज्ज्ञाकडे घेऊन जा.

प्रश्न : मी कंपनीच्या समुपदेशकाशी बोलले तर माझ्या मॅनेजरला कळेल का? (वाचक, मुंबई)

कळता कामा नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 23 प्रमाणे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क आहे. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. पण कायदा असणं वेगळं आणि कंपनीत पाळला जाणं वेगळं. पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा : नोंदी कुणाकडे राहतात, कंपनीला अहवालात काय जातं, आणि तुम्ही कोणत्या प्रसंगी गुप्तता मोडाल. तिसऱ्याचं उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं तरी सावध व्हा. अहवाल विभागवार जात असेल तर चार जणांच्या टीममधली ‘एक महिला, वय 30 ते 35’ ओळखायला मॅनेजरला किती वेळ लागेल? दहापेक्षा लहान गटाचे आकडे देऊच नयेत, असा आग्रह मी कंपन्यांकडे धरते. समुपदेशकाचं शिक्षणही विचारा. ‘सर्टिफाइड लाइफ कोच’ हे वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय पात्रतेचं नाव नव्हे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. मन मानत नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाकडे स्वतः जा.

प्रश्न : माझ्याकडे साठ कामगार आहेत. कोणतं अ‍ॅप घेऊ? (यंत्रमाग कारखानदार, इचलकरंजी)

कोणतंही नको. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक खात्यात (मागांच्या शेडमध्ये) आणि शौचालयाच्या दारावर लावा, सेवा सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीतही आहे. उरलेल्या पैशात मुकादमांना एका मानसशास्त्रज्ञाकडून प्रशिक्षण द्या. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात अधिकाऱ्यांना चार तासांचं असं प्रशिक्षण दिलं होतं; 2017 च्या त्या चाचणीत, प्रशिक्षण मिळालेल्यांच्या हाताखालच्या माणसांच्या कामाशी संबंधित आजारपणाच्या रजा कमी झाल्याचं दिसलं. आणि खात्यात दारूचा प्रश्न असेल, तर ‘ताण’ या गोड नावाखाली तो झाकू नका. पाश्चात्त्य कंपन्यांतल्या कर्मचारी साहाय्य योजनांचा जन्मच मुळी दारूच्या प्रश्नातून झाला. पिणाऱ्याला कामावरून काढायच्या आधी व्यसनमुक्ती केंद्राशी बोला.

प्रश्न : व्यवस्थापनाने ध्यानाची खोली बांधली, पण तिघांचं काम दोघांकडून करून घेतात. शिफ्टचा तक्ता आदल्या रात्री लागतो. आम्ही उपक्रमावर बहिष्कार टाकावा का? (कामगार प्रतिनिधी, चाकण)

बहिष्कार नको, त्या खोलीत जाऊन कुणाला बरं वाटत असेल तर वाटू दे. पण मूल्यमापनाच्या समितीत जागा मागा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने कामाच्या ताणाची सहा मुळं सांगितली आहेत : कामाचा बोजा, कामावरचं नियंत्रण, आधार, परस्पर संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे राबवले जातात. यांपैकी एकही ध्यानाने बदलत नाही. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनाही कामाच्या परिस्थितीत बदल करण्याची शिफारस करते. तेव्हा शिफ्टचा तक्ता दोन आठवडे आधी लावण्याचा प्रयोग एका लाइनवर करा, दुसऱ्या लाइनशी तुलना करा, आणि तो आकडा बैठकीत ठेवा. ओव्हरटाइम आणि कामाच्या तासांची तक्रार मात्र वेगळी आहे. ती कामगार कायद्याच्या जाणकाराकडे न्या.

प्रश्न : सहकाऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कंपनीने सगळ्यांना बसवून ‘मन मोकळं करा’ असं सक्तीचं सत्र घेतलं. आता आणखी एक घेणार आहेत. (वाचक, रांजणगाव)

नम्रपणे नकार द्या. घटनेनंतर लगेच सगळ्यांकडून प्रसंग पुन्हा वदवून घेणाऱ्या एकाच बैठकीच्या सत्रांचा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही, काहींना ती त्रासदायकही ठरली. ज्याला बोलायचंय त्याला बोलता यावं, इतरांना चहा, सुट्टी, घरच्यांना मदत आणि स्पष्ट माहिती मिळावी. महिन्याभरानंतरही तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, त्या मशिनजवळ जाववत नसेल, झोप मोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्रास त्याआधीच असह्य झाला तर महिना मोजत बसू नका.

प्रश्न : कंपनीच्या समूह विम्यात मानसिक आजार धरला जातो का? (वाचक, नागपूर)

शारीरिक आजाराप्रमाणेच धरला पाहिजे, तसं मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 21 सांगतं. ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो, तेव्हा पॉलिसीची प्रत हातात घेऊन वाचा आणि दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जा.

प्रश्न : दोन महिन्यांपासून झोप नाही, कामात लक्ष नाही, कारण नसताना रडू येतं. आमच्या कंपनीत एप्रिलपासून समुपदेशन सुरू होणार आहे. तोपर्यंत थांबू का? (वाचक, नाशिक)

थांबू नका. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या अशा त्रासाला कंपनीच्या कॅलेंडरची गरज नाही. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासायला सांगा. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच 14416 ला फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा. एप्रिलमध्ये समुपदेशन सुरू झालं की तेही घ्या, तुमच्या डॉक्टरांना विचारून.