तत्त्वज्ञान शिकलेली माणसं सार्वजनिक चर्चेत का दिसत नाहीत? आणि या विषयात एमए करावं का?

तुमचा प्रश्न मी असा समजले, की ही माणसं विद्यापीठात वर्षानुवर्षं वाद घालायचंच शिकतात आणि शिकवतात, मग टीव्हीवर आणि सोशल मीडियावर चर्चेचा जो विचका झालाय तो निस्तरायला ती पुढं का येत नाहीत, आणि येत नसतील तर अशा विषयात दोन वर्षं घालवायची कशाला. मी याच विषयात पीएचडी केली, आता तोच शिकवते, त्यामुळे आतलं थोडं सांगता येईल, त्यातलं काही तुम्हाला आवडणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. नीट वाद घालता येणं हे त्या माणसात फार कमी असतं, ते ज्या खोलीत बसून वाद घालतात तिथल्या नियमांत जास्त असतं. त्याच माणसाला उचलून दुसऱ्या खोलीत बसवा, तोही बाकीच्यांसारखाच ओरडतो.

ही खोली कशी असते ते सांगते. सेमिनार असेल तर पेपर आठवडाभर आधी सगळ्यांना मेल झालेला असतो आणि वाचूनच यायचं असतं (सगळे वाचत नाहीत, पण न वाचलेला माणूस दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो). बऱ्याच ठिकाणी टीका करणारा एक जण आधीच ठरलेला असतो आणि पेपरात काय म्हटलंय ते लेखकाला मान्य होईल अशा शब्दांत मांडल्याशिवाय त्याला टीकेकडे वळता येत नाही, म्हणजे आपल्याकडे पूर्वपक्ष म्हणतात तेच. मग प्रश्न. हात वर केला म्हणजे नवा प्रश्न, नुसतं एक बोट वर केलं म्हणजे आत्ता जो मुद्दा चाललाय त्यावरच मला काहीतरी म्हणायचंय, आणि अध्यक्ष समोर कागदावर दोन याद्या करत बसलेला असतो, बोटवाले आधी, हातवाल्यांनी थांबायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येतं, पण यामुळेच एक मुद्दा वीस-वीस मिनिटं टेबलावरून हलत नाही. काही हुशार लोक बोट वर करून हळूच नवाच प्रश्न घुसडतात, तो एक जुनाट आजार आहे, खमका अध्यक्ष असेल तर तिथल्या तिथे गप्प करतो.

वर्गातही तेच, छोट्या प्रमाणात. अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांट, त्याचा 1784 चा प्रबोधनावरचा निबंध शिकवत होते, तेव्हा एक मुलगा म्हणाला, मॅडम हा माणूस सरळ राजाची चाकरी करतोय, हवा तेवढा वाद घाला पण हुकूम पाळा म्हणतोय. मी म्हटलं कुठल्या ओळीत, पान काढ. त्याने काढलं, ओळ खरंच होती. मग पुढच्या चार ओळी वाचायला लावल्या, ज्यात कांट म्हणतो की अधिकारी ड्युटीवर असताना हुकूम पाळेल, पण अभ्यासक म्हणून वाचकांसमोर लिहिताना त्याच हुकुमातली चूक दाखवायचा त्याला पूर्ण हक्क आहे, कर भरायचाच, पण तो कर अन्यायी आहे हे छापायचंही. सगळा तास त्यातच गेला, की ही फोड टिकते का, माणूस खुर्चीवर एक आणि घरी टेबलावर दुसरा असू शकतो का. त्या मुलाचं मत शेवटपर्यंत बदललं नाही, उलट त्याला आणखी पुरावा मिळाला, कारण 1794 मध्ये धर्मावरच्या लिखाणाबद्दल प्रशियाच्या नव्या राजाने कांटला खरोखरच दम दिला आणि कांट राजा मरेपर्यंत त्या विषयावर गप्प बसला. पण आता त्याची टीका कांटवर होती, आधी ती त्याच्या डोक्यातल्या कुणातरी कांटवर होती. एका तासात एवढंच होतं. टीव्हीवर एका तासात आठ विषय होतात.

आता तुम्ही म्हणाल, बघा, किती छान, किती सभ्य लोक. तसं अजिबात नाही. 25 ऑक्टोबर 1946 ला केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञ कार्ल पॉपर व्याख्यान द्यायला गेला, विषय होता तात्त्विक समस्या नावाची गोष्ट खरंच असते का, आणि काही मिनिटांतच तिथलाच बडा तत्त्वज्ञ विटगेनश्टाइन शेकोटीतली सळई हातात घेऊन बोलायला लागला आणि नंतर उठून निघून गेला. सळई दाखवून धमकावलं की नुसती बोलताना हलवली, पॉपरने त्यावर मारलेला टोमणा ऐकून गेला की आधीच गेला होता, यावर खोलीत हजर असलेल्यांचं पन्नास वर्षांनीही एकमत नव्हतं, आणि त्यातले कितीतरी जण ज्ञान म्हणजे काय यावर पोट भरणारे! आमच्याकडे आजही प्रश्न विचारायच्या नावाखाली पाच मिनिटांचं भाषण ठोकणारे असतात, पीएचडीच्या पोराला सगळ्यांदेखत सोलून काढण्यात धन्यता मानणारे असतात.

शिवाय विषय इतका बारीक चिरला गेलाय की शेजारच्या केबिनमधलं काम कळत नाही. गेटियर नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाचा 1963 चा पेपर घ्या. फक्त तीन पानं. समर्थन असलेला खरा विश्वास म्हणजे ज्ञान, या व्याख्येला त्याने दोन उदाहरणं देऊन भोक पाडलं. पेपर सुंदरच आहे, पण ते भोक बुजवायला, बुजवलेलं परत उकरायला जो कारखाना सुरू झाला तो अजून चालू आहे. त्याला कारण आहे. नोकरी टिकवायची तर पेपर हवेत, नावाजलेली जर्नल्स शंभरातले नव्वदाहून जास्त पेपर परत पाठवतात, आणि छापून यायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे कुणाच्या तरी भोकाशेजारी आपलं एक छोटं भोक. वर्तमानपत्रात लिहिलं तर प्रमोशनच्या फॉर्मवर फार तर एक ओळ. मग कंत्राटावर असलेला तिशीतला माणूस टीव्हीवर जाऊन शिव्या का खाईल सांगा.

आणि समजा गेलाच. माझा एक सहकारी आहे, रेफरी म्हणून, म्हणजे जर्नलकडे आलेले पेपर तपासणारा म्हणून, सोन्यासारखा, लेखकाने स्वतः केली नसेल इतकी त्याच्या युक्तिवादाची बाजू नीट लावून देतो आणि मगच नकार देतो. तोच माणूस रात्री फेसबुकवर बघावा, समोरच्याचं अर्धं वाक्य वाचून तुटून पडतो. हा एकट्याचा स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं, पण श्वित्झगेबेल हा तत्त्वज्ञ आणि कुशमन हा मानसशास्त्रज्ञ या दोघांनी 2012 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात नैतिक पेचप्रसंग कुठल्या क्रमाने समोर ठेवले यावर लोकांचं उत्तर बदलतं का हे तपासलं होतं. बदलतं. आणि तत्त्वज्ञानाच्या पदवीधारकांचंही बदलतं, सामान्य माणसांपेक्षा कमी नाही. याच श्वित्झगेबेलने त्याआधी ग्रंथालयांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की नीतिशास्त्राची पुस्तकं तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा जास्त गहाळ होतात. आमच्या स्टाफरूममध्ये हे मी दर वर्षी नव्या माणसाला सांगते.

म्हणजे माणसं चांगली म्हणून चर्चा चांगली, हे सोडून द्या. मग चांगली सार्वजनिक चर्चा झालीच नाही का? झाली की. 1948 मध्ये बीबीसी रेडिओवर ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि कोपलस्टन नावाचा जेझुइट (कॅथलिक) पाद्री ईश्वर आहे की नाही यावर बोलले. याहून भडक विषय कुठला असणार! पण सुरुवात कशी, तर कोपलस्टन म्हणतो की आधी ईश्वर म्हणजे काय ते ठरवूया, जगापासून वेगळी, जग निर्माण करणारी, व्यक्तिरूप परमसत्ता, चालेल? रसेल म्हणतो चालेल. पुढचा प्रश्न, ईश्वर नाही असं तुम्ही म्हणता की ते सिद्ध करता येत नाही असं म्हणता? रसेल म्हणतो, सिद्ध करता येत नाही असं. झालं, आता नेमकं कशावर भांडायचं ते दोघांना आणि ऐकणाऱ्यालाही माहीत. नंतर एका टप्प्यावर गाडी अडते, रसेल म्हणतो विश्व आहे, बस्स, त्याचं कारण विचारण्यात अर्थ नाही, आणि कोपलस्टनला तो प्रश्न टाळल्यासारखा वाटतो. तिथं दोघंही ओळखतात की इथून पुढं सरकत नाही, आणि दुसऱ्या मुद्द्याकडे जातात. कुणी जिंकत नाही. आपल्या टीव्हीच्या पॅनलवर सहा चौकटींत सहा डोकी असतात आणि समोरचा कशाला हो म्हणतो याची कुणालाच गरज नसते, त्याने हो म्हटलं तर कार्यक्रमच संपेल.

त्याहून मोठं उदाहरण मेरी वॉर्नकचं. टेस्ट ट्यूबमधून जन्मलेलं पहिलं बाळ 1978 चं, त्यानंतर ब्रिटनमध्ये गदारोळ, शरीराबाहेर वाढणाऱ्या भ्रूणावर प्रयोग करू द्यायचे की नाही. 1982 मध्ये सरकारने समिती नेमली आणि अध्यक्षपद दिलं या तत्त्वज्ञ बाईंना. समितीत डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ, धर्माचे अभ्यासक, सगळे. जीव कधी सुरू होतो यावर या लोकांचं एकमत होणं शक्यच नव्हतं. त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवून विचारलं की भ्रूणाशी कसं वागायचं, आणि कायद्यात लिहिता येईल, मोजता येईल अशी रेषा कुठं ओढायची. 14 दिवस. साधारण त्यानंतर भ्रूणात पुढच्या शरीराची पहिली रेघ उमटते, आणि त्याआधी त्याची जुळीही होऊ शकतात, म्हणजे एक व्यक्ती म्हणणंच अवघड. ज्यांना हे पटलं नाही त्यांच्या असहमतीच्या नोंदी 1984 च्या अहवालात शेवटी छापल्या, 1990 मध्ये कायदा झाला, आणि पुढं बऱ्याच देशांनी तीच मर्यादा उचलली. इथं दोन वर्षं होती, तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटणार होती, आणि शेवटी काहीतरी लिहून द्यायचंच होतं.

उलट बाजूही सांगते. 1997 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात डॉक्टरांच्या मदतीने मृत्यू पत्करायच्या हक्कावर खटला होता, तिथं रॉल्स आणि नोझिक या अमेरिकन राजकीय तत्त्वज्ञांसकट सहा बडे तत्त्वज्ञ एकत्र आले आणि लेखी निवेदन दिलं. हे दोघं एका बाजूला म्हणजे विशेषच, एरवी यांचे न्याय या विषयावर टोकाचे मतभेद. निकाल 9 विरुद्ध 0, त्यांच्या विरोधात. बाहेरून कागद पाठवणं आणि आत बसून दोन वर्षं घासाघीस करणं यात फरक पडतो असं मला वाटतं, अर्थात एवढ्या दोन उदाहरणांवरून मी पेपर लिहिला तर रेफरी परत पाठवेल.

आता एमएचं. चर्चा सुधारायची म्हणून करू नका, त्यासाठी डिग्री लागत नाही, चार जणांचा वाचनगट आणि एक कडक अध्यक्ष पुरतो. एका पानावर दोन तास बसायला मजा येत असेल तर करा, आणि सोबत पोटापाण्याचं दुसरं काहीतरी हाताशी ठेवा. ॲडमिशनआधी त्या विभागात एखाद्या तासाला मागं जाऊन बसा, बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत. आणि पीएचडीचा विचार असेल तर गाईडला सरळ विचारा, तुमचे मागचे पाच विद्यार्थी आज कुठं आहेत, त्यातले किती पर्मनंट आहेत. नावं पटापट सांगितली तर पुढचं बोला, तत्त्वज्ञान हे नोकरीसाठी नसतं वगैरे सुरू झालं तर दुसरा गाईड बघा.