पापनिवेदन केलं, तरी मन का खातं?

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच असतो: "कधीतरी चोरी केली होती. फादरांपाशी पापनिवेदन केलं, म्हणजे पाप तोंडाने कबूल केलं, क्षमाही मिळाली. मग मन अजून का खातं?" कुणी दुकानाच्या गल्ल्यातून पैसे काढलेले असतात, कुणी ऑफिसच्या बिलात आकडा वाढवलेला असतो, कुणी सासूच्या कपाटातली अंगठी उचललेली असते. प्रोटेस्टंट घरातली माणसं पापनिवेदन म्हणत नाहीत, प्रार्थनेत देवाजवळ कबूल केलं म्हणतात. 'चोरी करू नको' ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी आम्हा कॅथलिकांची सातवी, मोजणी वेगळी म्हणून त्यांच्यापैकी बहुतेकांची आठवी. मन मात्र दोघांचंही सारखंच खातं.

एका काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "लिही बाय, कुणाला तरी उपयोग होईल," म्हणाले.

काका साठी ओलांडलेले, वसईतल्या एका वाडीतले, धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या पंचक्रोशीत, मान असलेले. लहानपणी पहाटेच्या गाडीने फुलांच्या करंड्या घेऊन दादरला जायचे. शेजारच्या विधवा बाईची फुलंही तेच न्यायचे, विकून पैसे आणून द्यायचे. त्यातले थोडे स्वतःकडे ठेवायचे आणि तिला सांगायचे, "आज भाव पडला." ती बाई केव्हाच वारली, मागे कुणी नाही. काकांनी ही चोरी किती उपवासकाळांत किती फादरांना सांगितली असेल, त्यांनाच आठवत नाही. एका फादरांनी तर हसून सांगितलं होतं की देवाने हे केव्हाच पुसून टाकलंय. गरिबांच्या पेटीत काकांनी मूळ रकमेच्या कितीतरी पट टाकले होते.

म्हणजे शिकवणीप्रमाणे सगळं झालं होतं. बायबलमधल्या गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हेच सांगितलंय: आपला अपराध कबूल करायचा, घेतलेलं परत करायचं, वर त्याचा पाचवा हिस्सा द्यायचा, आणि ज्याचं घेतलं तो नसेल, त्याचा जवळचा नातेवाईकही नसेल, तर ते परमेश्वराचं, याजकाच्या हाती द्यायचं. वारस नसलेल्याचं देणं गोरगरिबांना द्यावं ही चर्चची रीत जुनीच आहे.

अशा वेळी नवे समुपदेशक "आता स्वतःला माफ करा" असं सांगून मोकळे होतात. हे वाक्य मला आवडत नाही. मन उगाच खात नाही, असं मी धरून चालते. आणि एकट्या माणसाच्या डोक्यात शिरून गाठ सापडते यावर माझा फारसा विश्वास नाही. मी घरात शोधते, कोण कुणाशी बोलत नाही ते बघते. माझं शिक्षणच तसं झालंय आणि इतक्या वर्षांत त्याने मला दगा दिलेला नाही.

एक शक्यता मात्र आधी तपासावी लागते. काही माणसं शंकेखोर धर्मभीतीने पछाडलेली असतात, त्यांना जिथेतिथे आपलं पापच दिसतं. संत इग्नेशियस लोयोला १५२२-२३च्या सुमारास स्पेनमधल्या मनरेसाला असताना अशाच यातनांतून गेले. सांगून झालेली पापं पुन्हा पुन्हा सांगत, तरी समाधान नाही. अशा माणसाला क्षमेवर प्रवचन देऊन उपयोग नसतो, त्याचे उपचार वेगळे. पण अशी माणसं एका पापावर थांबत नाहीत, जुन्यांत नवी जोडत येतात, रुपया सापडला तरी रात्रभर जागतात. काका तसे नव्हते. ते एकच पाप आणायचे, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत सांगायचे, आणि सांगताना आवाज जराही हलायचा नाही. मला हेच खटकलं. ज्या गोष्टीने झोप उडते, ती माणूस पाठ केलेल्या धड्यासारखी कशी सांगेल?

मी विचारलं, "पैसे बाजूला ठेवायचात, हे घरात कुणाला माहीत होतं?"

"बहिणीला. तिला त्यातून बांगड्या आणायचो."

"कुठे असते ती?"

"इथेच, विरारला."

"येणं-जाणं आहे?"

"नाताळात असतं." मग थोडं थांबून, "गेल्या नाताळात नव्हतं."

पुढच्या काही भेटी फुलांवर नाही, बहिणीवर गेल्या. त्यांचे वडील मृत्युपत्र न करता वारले, आई आधीच गेलेली. मागे ही दोनच भावंडं. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्राविना गेला तर १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी यांचा हिस्सा सारखा. पण लग्न झालेल्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची ही आमच्याकडची रीत, फक्त आमच्याकडची नव्हे म्हणा. तिने केली.

"हसत सही केली तिने," काका म्हणाले. "वर चहा करून पाजला मला. मी काय हात धरला होता तिचा?"

"सही झाली तेव्हा बिल्डरशी बोलणं झालं होतं?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "झालं होतं."

"तिला माहीत होतं?"

"तिला वाटलं केळीची वाडी आहे, तशीच राहणार. मीच म्हटलं तिला, शेतीत आता काय उरलंय, त्या जमिनीला काय किंमत..."

वाक्य तिथेच तुटलं. मी काही बोलले नाही. या धंद्यात शिकायची सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे, आणि ती मला येते असं मी म्हणू शकते. बराच वेळ गेला. मग त्यांनी स्वतःशीच बोलावं तसं म्हटलं, "म्हणजे भाव पडला, हेच सांगितलं मी तिला. पुन्हा."

हा माणूस त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा रडला. ज्या चोरीला तो चोरी म्हणत होता तिच्यासाठी नव्हे. जिला त्याने कधी चोरी म्हटलंच नव्हतं तिच्यासाठी.

तेव्हापासून मन खात असल्याचं कुणी सांगितलं की मी सांगितलेल्या चोरीच्या आसपास बघते. लहान वयातली, छोट्या रकमेची, आता कुणाचंच नुकसान न होणारी चोरी कबूल करायला सोपी असते. ती सांगून माणूस खरा बोलल्याचं समाधान मिळवतो आणि मोठी गोष्ट तिच्या आड उभी राहते. मन मूर्ख नसतं, ते ती सोडत नाही. प्रत्येक वेळी असंच असतं असं नाही, पण विचारून बघायला हवं. विशेषतः कागदपत्रं चोख असतील तेव्हा.

काकांचं पुढचं म्हणणं होतं, "पण कायद्याने मी चोर नाही." कदाचित नसतीलही, ते वकिलाला विचारावं. चर्चची शिकवण मात्र इथे कायद्याच्या पुढे जाते. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २४०९ स्पष्ट आहे: नागरी कायद्याच्या विरोधात नसलं तरी दुसऱ्याचं अन्यायाने घेणं आणि ठेवून घेणं 'चोरी करू नको' या आज्ञेविरुद्धच आहे. उसनं घेतलेलं मुद्दाम न देणं, सापडलेली वस्तू दाबून ठेवणं, कमी मजुरी देणं, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवणं, काम वाईट करणं, कर चुकवणं, सगळं त्यात येतं. परिच्छेद २४१२ परत करायला सांगतो. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला मॅसेडोनियस या रोमन अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात हेच आहे: परत करता येत असताना जो परत करत नाही, तो पश्चात्ताप करत नाही, पश्चात्तापाचं सोंग करतो. मला हे पत्र आजच्या कितीतरी मानसशास्त्रीय सल्ल्यांपेक्षा शहाणं वाटतं.

काका बायबल जाणणारे. त्यांनी मला कोंडीत धरायला येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेला, मरताना पश्चात्ताप करणारा चोर काढला. "त्याला येशूने आजच सुखलोकात असशील म्हटलं. त्याने काय परत केलं होतं?"

"त्याचे हात खिळलेले होते, काका," मी म्हटलं. "तुमचे मोकळे आहेत."

हे उत्तर मी आधीपासून तयार ठेवलं नव्हतं. पण तेव्हापासून अनेकांना दिलंय. ज्याला परत करता येत नाही, माल संपला, माणूस मेला, खिशात दमडी नाही, त्याने क्षमेवर संशय घेऊ नये. आणि भुकेपोटी घेतलेल्या भाकरीला तर चोरी म्हणायलाही संत थॉमस अक्वायनस तयार नव्हते. ज्याला परत करता येतं त्याने मात्र क्षमा पुन्हा पुन्हा मागत बसू नये. उठावं.

कसं परत करावं याचेही मार्ग आहेत. चोरी गुप्त असेल तर आपलं नाव उघड करायलाच हवं असं चर्च म्हणत नाही. फादरांच्या हस्ते पैसे पोचवता येतात, त्यांना नाव सांगायची परवानगी नसते. काकांनाही तोच मार्ग हवा होता, बहिणीच्या नावाने बँकेत रक्कम भरायची आणि गप्प बसायचं. मी नाही म्हटलं. त्यांनी पैशाआधी तिच्यापासून माहिती चोरली होती. ती तोंडानेच परत करावी लागते.

ते गेले. आणि चिडून परत आले.

"मी माफी मागायला गेलो, रडलो तिच्यापुढे, आणि तिने जावयाला बोलावून घेतलं! कॅल्क्युलेटर घेऊन बसला तो. आजच्या भावाने धरायचं म्हणतात."

मला हसू आवरलं नाही. बायबलमधला श्रीमंत जकातदार जक्कय येशूसमोर उभा राहिला तेव्हा रडल्याचं लूकने आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट, असा सरळ आकडा सांगितल्याचं लिहिलंय. बहीण हिशेब मागत होती म्हणजे ती त्यांना अजून भाऊ समजत होती. नाही तर दारातूनच घालवलं असतं. हे काकांना पटायला दोन भेटी लागल्या. शेवटी भाड्याने दिलेला एक फ्लॅट तिच्या नावे करायचं ठरलं, थोडी घासाघीस होऊन. यंदा नाताळात तिच्याकडून कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट आलं, पण ती स्वतः आली नाही. उपवासकाळात काका पापनिवेदनाला गेले तेव्हा फुलांची गोष्ट सांगायची राहूनच गेली, असं त्यांनी मला आश्चर्याने सांगितलं.

आता त्यांच्या धाकट्या मुलाने वेळ मागितली आहे. फोनवर चांगलाच तापलेला होता. "डॅडींनी आमचा फ्लॅट आत्याला दिला," म्हणाला, "ही आमची चोरी नाही का?" शनिवारी संध्याकाळी बोलावलंय. त्याला सांगितलंय, आत्याच्या सहीचा तो कागद सोबत घेऊन ये.