गोळीची मेथड रेझिनला का चालत नाही

तुमचा प्रश्न असा की लॅबमध्ये एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) एकच, ज्या सी-१८ कॉलमवर (पाण्यात न मिसळणाऱ्या रेणूंना धरून ठेवणारी भरलेली नळी) डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामक औषधाच्या गोळ्यांचा अ‍ॅसे, म्हणजे औषध किती आहे ह्याची मोजणी, चालतो त्यावरच इपॉक्सी रेझिन मारलं, तर प्रेशर चढलं आणि आलेखावर एका पीकऐवजी (उंचवट्याऐवजी) पीकची रांगच आली. कॉलम गेला का? बहुतेक नाही, आणि रांग आली ते तर बरोबरच आलं.

गोळीत आपल्याला एका ठरावीक रेणूचा हिशोब हवा असतो, रेझिन म्हणजे अख्खं कुटुंब. बिसफेनॉल ए वाल्या इपॉक्सीत सगळ्यात लहान रेणू ३४० मॉलिक्युलर वेटचा, मग प्रत्येक पायरीला २८४ वाढत जातात, म्हणजे ६२४, ९०८ असे, आणि सी-१८ वर ते लहान आधी मोठा नंतर असेच उतरतात. पहिल्या मोठ्या पीकच्या आधी बारकासा पीक दिसला तर तो बऱ्याचदा इपॉक्साइडचं, म्हणजे रेणूच्या टोकाच्या गटाचं, पाणी लागून झालेलं डायॉल असतं, म्हणून सँपल ताजं बनवा, मिथेनॉलमध्ये ठेवून देऊ नका.

आता प्रेशर. माझा संशय सरळ सँपलच्या सॉल्व्हंटवर आहे. रेझिन टीएचएफ ह्या सॉल्व्हंटमध्ये मस्त विरघळतं, पण इंजेक्ट झाल्यावर पुढे पाणी जास्त असलेला मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) भेटला की मोठे रेणू कॉलमच्या तोंडाशीच बाहेर पडतात, फ्रिट (तोंडाची बारीक जाळी) चोंदतं आणि पुढच्या ब्लँकमध्येही, म्हणजे सँपल न घालता केलेल्या रनमध्येही, भुतासारखे पीक येत राहतात. शिवाय रेझिनच्या ह्या रेणूंवर चार्ज नसतो, त्यामुळे पीएचचा त्यांना काही फरक पडत नाही, मग बफर (पीएच स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) हवाच कशाला, उलट ग्रेडियंटमध्ये, म्हणजे मिश्रण हळूहळू बदलत नेताना, अ‍ॅसिटोनायट्राइल वर नेलं की बफरमधलं फॉस्फेट घट्ट होऊन खाली बसतं. नुसतं पाणी-अ‍ॅसिटोनायट्राइल घ्या, साधारण निम्म्यापासून सुरू करून १०० टक्क्यांपर्यंत न्या आणि तिथे थोडा वेळ धरून ठेवा, सँपलही अ‍ॅसिटोनायट्राइलमध्येच बनवा.

डायक्लोफेनॅकचं मात्र उलटं, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर चार्ज येतो तो) ४ च्या आसपास आहे, त्यामुळे बफर ४ वर ठेवलात तर पीएच जरासा हलला तरी पीक सरकतो, २.५ ला ठेवलात की शांत बसतो. तिथे बफर जीव की प्राण.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, रेझिनच्या एरिया टक्क्यांना (एकूण पीकच्या क्षेत्रफळातल्या प्रत्येक पीकच्या वाट्याला) खरी टक्केवारी समजून रिपोर्टमध्ये टाकू नका. जे कॉलममधून उतरलंच नाही ते त्या शंभरात धरलेलंच नसतं. जड रेझिनचं मॉलिक्युलर वेट हवं असेल तर जीपीसी (रेणू आकारानुसार वेगळे करणारी पद्धत) करा, तिथे मोठे रेणू आधी येतात आणि पॉलिस्टायरीनवर कॅलिब्रेशन केलं असेल तर आकडाही पॉलिस्टायरीनच्या हिशोबातच येतो, हे रिपोर्टमध्ये लिहा.

कॉलम वाचवायला आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणाने बफर पूर्ण काढा, मग अ‍ॅसिटोनायट्राइल, मग टीएचएफ, फ्लो कमी ठेवून. कॉलमच्या कागदात परवानगी असेल तर उलटा लावून आणि डिटेक्टर सोडवून. मग गोळीचा स्टँडर्ड मारा, टेलिंग (पीकची मागे ओढलेली शेपटी) आणि प्लेट्स (कॉलमच्या वेगळं करण्याच्या ताकदीचा आकडा) पूर्वीसारख्या आल्या तर कॉलम ठीक आहे, तरीही रेझिनसाठी वेगळा कॉलम मागूनच घ्या, कारण गोळीतली ०.१ टक्क्याची अशुद्धी शोधताना रेझिनचा उरलेला पीक मध्ये आला तर तो कुठून आला हे कुणाला पटवून देता येणार नाही.