वाचकांचे प्रश्न : वर्षावनातले कुजणारे ओंडके

प्रश्न : मुलगा सिअ‍ॅटलला नोकरीस असल्याने यंदा ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातील ‘हो’ वर्षावन पाहण्याचा योग आला. तेथील पाऊस आमच्या आंबोलीपेक्षा कमी आणि झाडे बहुतेक सूचिपर्णी, मग त्याला वर्षावन का म्हणतात? शिवाय एवढाले वृक्ष नुसते कुजत पडले होते. ते उचलून विकले आणि त्या जागी नवी झाडे लावली, तर बिघडते कुठे? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आंबोलीचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळून जातो. ‘हो’ नदीच्या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो ऑक्टोबरपासून मेपर्यंत रेंगाळतो आणि त्यानंतरच्या कोरड्या दिवसांत पॅसिफिकवरून येणारे धुके झाडांना ओलावा पुरवते. हा बारमाही दमट गारवाच समशीतोष्ण वर्षावनाची खरी ओळख आहे. पाने रुंद की सुईसारखी, हा मुद्दा दुय्यम.

याच गारव्यामुळे लाकूड फार सावकाश कुजते. मोठा ओंडका मातीत मिसळायला काही शतकेही लागतात. जमिनीवर शेवाळ आणि नेचे इतके दाट असतात की स्प्रूस किंवा हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षांचे बी तेथे रुजले, तरी रोप सहसा गुदमरून जाते. पडलेल्या खोडावर मात्र त्याला उजेड मिळतो आणि पाणी धरून ठेवणारे मऊ लाकूड मिळते. आपण ज्याला वाया गेलेले लाकूड समजलात, ती त्या जंगलाची रोपवाटिका आहे.

नव्या लागवडीतून लाकूड मिळते, जुने जंगल मिळत नाही. ‘मार्बल्ड मरेलेट’ हा समुद्रपक्षी मासे समुद्रात पकडतो, पण घरटे न बांधता एकच अंडे घालतो ते बहुधा किनाऱ्यापासून आत, जुन्या वृक्षाच्या रुंद फांदीवरील शेवाळाच्या गादीवर. चाळीस-पन्नास वर्षांच्या झाडाला अशी फांदी नसते. या गाद्यांखाली चक्क माती साठते. भारतीय वडिलांच्या कन्या असलेल्या वनशास्त्रज्ञ नलिनी नाडकर्णी यांनी दोरांच्या साहाय्याने झाडांवर चढून पाहिले, तेव्हा मेपल वृक्ष आपल्याच फांद्यांतून या मातीत मुळे सोडतात, असे त्यांना आढळले. हे संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची काही भावंडेही जुन्या झाडांच्या शेंड्यांवर हवेतला नायट्रोजन बांधतात आणि गळून पडली की जमिनीला खत देतात.

‘हो’ खोऱ्याचा आपण पाहिलेला भाग उद्यानात असल्याने तेथे तोड होत नाही. अलास्कातील टोंगास जंगलाची स्थिती वेगळी आहे. सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरच्या या राष्ट्रीय वनातील रस्ते नसलेल्या भागांत नवे रस्ते आणि तोड रोखणारा नियम २००१ मध्ये झाला, २०२० मध्ये टोंगासला त्यातून वगळले गेले, २०२३ मध्ये संरक्षण परत आले आणि २०२५ मध्ये तो नियमच रद्द करण्याची घोषणा झाली. रस्ता झाला की ट्रक पोहोचतो, म्हणून भांडण रस्त्यावरून आहे.

हवामानबदलाचा फटका मात्र उद्यानाची हद्द पाहत नाही. अलास्कातील पिवळा सीडर तापमान वाढल्यामुळे थंडीने मरतो, हे ऐकायला विचित्र वाटेल. त्याची मुळे उथळ असतात आणि हिवाळ्यात बर्फाचा थर त्यांना पांघरुणासारखा झाकतो. बर्फ कमी पडू लागला, की वसंताच्या तोंडावर येणाऱ्या कडाक्यात उघडी मुळे गोठतात. अशा रीतीने दोन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रात सीडर सुकले आहेत. ऑलिम्पिक उद्यानातही २०१५ साली, हिवाळ्यात डोंगरांवर फारच थोडा बर्फ पडल्यानंतर, क्वीट्स खोऱ्यातील वर्षावनात वीज पडून लागलेली आग कित्येक आठवडे धुमसत राहिली.

पुन्हा जाणे झाले, तर ‘हो’ वर्षावनातील ‘हॉल ऑफ मॉसेस’च्या पायवाटेवर एका सरळ रेषेत उभे असलेले मोठे वृक्ष शोधा. त्यांची मुळे जमिनीपासून वर कमानीसारखी उचललेली दिसतील. कमानीखालच्या त्या पोकळीत पूर्वी ओंडका होता.