वाचकांचे प्रश्न : धातूंच्या अभ्यासाची वाट

प्रश्न : सर, मी मिरजेची. फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. बाबा कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीवर आहेत. मला मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करायची आहे. पण गेट ही प्रवेश परीक्षा दिलेली नाही, आणि प्राध्यापकांना मेल पाठवले तरी उत्तर येत नाही. बी.ई. नसेल तर घेतच नाहीत का?

उत्तर : घेतात. मुंबई आयआयटीच्या मेटलर्जी विभागात फिजिक्स-केमिस्ट्रीचे एम.एस्सी. पीएच.डी.ला जातात. पण गेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा हवीच. फिजिक्सचा गेटचा पेपर दे. निकाल तीन वर्षं चालतो. सीएसआयआर नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर उत्तमच. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं, म्हणजे घरी हात पसरावा लागत नाही. प्राध्यापकांना तू कितीही आवडलीस तरी विभागाची पात्रता त्यांना ओलांडता येत नाही, म्हणून परीक्षेची तयारी आजच सुरू कर.

आता मेलचं. "आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करण्याची इच्छा आहे" असं सगळेच लिहितात, मग उत्तर कशाला येईल? त्या प्राध्यापकांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले पेपर वाच, त्यातला एक आलेख किंवा एक फोटो धर आणि त्यावर प्रश्न विचार.

तुझ्याकडे विषय घरातच आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. बाबांना विचार, एसजी आयर्नमध्ये (गोल ग्रॅफाइटचं चिवट ओतीव लोखंड) मॅग्नेशियम घातल्यावर ओतायची एवढी घाई का करतात? साध्या ग्रे आयर्नचा, म्हणजे नेहमीच्या ओतीव लोखंडाचा, पॉलिश केलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ग्रॅफाइटच्या काळ्या, वाकड्या पट्ट्या दिसतात. त्यांच्या टोकांशी ताण साठतो, म्हणून कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, तडकतं. शेकडा ०.०४च्या आसपास मॅग्नेशियम राहिलं की तेच ग्रॅफाइट गोल गाठींसारखं वाढतं आणि लोखंड चिवट होतं. लॅडल (वितळलेलं लोखंड नेण्याचं भांडं) जास्त वेळ थांबला की मॅग्नेशियम उडून जातं, गाठी बिघडतात. तो काळ नेमका कशावर ठरतो, तापमानावर, गंधकावर की लॅडलच्या आकारावर, हे फिजिक्सवाल्याने विचारण्यासारखं आहे. घनीभवनावर, म्हणजे वितळलेला धातू थिजण्यावर, काम करणाऱ्या प्राध्यापकांना एवढंच लिही, बाबांच्या भट्टीचा उल्लेख करून. सोबत गुणपत्रिका आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा एक पानी सारांश जोड.

सांगलीच्या वालचंद कॉलेजची प्रयोगशाळा बघायची परवानगी मिळाली तर जरूर जा. नमुना घासून पॉलिश करायला हाताला सवय लागते, आणि मुलाखतीत ती सवय लपत नाही.